हिरव्यांचा रकाना

३ ऑगस्ट, शनिवार

शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या वहीत आकड्यांना जागा आहे, रागाला नाही. म्हणून ही दुसरी वही. सुनेकडे अर्धी कोरी पडली होती, मागून घेतली.

आज पाटी लावायला साडेनऊ झाले, तर अध्यक्षांनी दारात सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, किडे काय तुमची वाट बघत थांबणार आहेत का?" एकोणीस वर्षं दर शुक्रवारी मी गुडघाभर चिखलात उभी राहते. हे उभे राहतात बांधावर, छत्री घेऊन. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

काम सांगायला सोपं आहे. एका कालव्यावर चाळीस घरांची भाताची खाचरं. त्यातल्या ठरलेल्या दहा खाचरांत जायचं. प्रत्येकात वीस चुडी, म्हणजे भाताचे ठोंब, निवडायच्या, चुडीच्या बुडाशी पांढरा थाळा धरायचा, चुडीला चापट मारायची आणि थाळ्यात पडतील ते तुडतुडे मोजायचे. तपकिरी एका रकान्यात, हिरवे दुसऱ्या. दोन्हींची बेरीज चुडीमागे दहाच्या वर गेली की शनिवारी सोसायटीच्या दाराला लाल पाटी, नाहीतर हिरवी. लाल लागली की सगळे फवारतात. आणि फवारतं कोण, तर आमचे चिरंजीव. तेव्हा आईने लाल लावायची नि पोराने पंप उचलायचा, असं बोलणारी तोंडं आहेत. बोलू देत. मी एकही तुडतुडा कधी वाढवून लिहिलेला नाही.

आज लालच लागली. चुडीमागे चौदा.

चिरंजीवांच्या हाताची कातडी पुन्हा सोलवटली आहे, या वेळी मनगटापर्यंत. औषधाच्या बाटलीवर काहीतरी लिहिलंय, पण अक्षर मुंगीच्या पायाएवढं. उद्या मास्तरांकडून भिंग आणते.

४ ऑगस्ट, रविवार

भिंग मिळालं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन शेजारचं खाचर करणारे आणि उरलेल्या वेळात जगाच्या चुका काढणारे. त्यांच्याच खाचरात आज लेक फवारत होता. तो परत आल्यावर बाटलीवरचं वाचून दाखवलं, हातमोजे घाला म्हणून लिहिलंय. म्हणाला, "माहितीये गं आई. ओल्या हातमोज्यात नोझल निसटतं." मग हात मागे घेऊन बसला. पोटाचा धंदा आहे.

भिंग हातात होतंच, तर ओटीवर पडलेला परवाचा थाळा बघत बसले. आणि डोकं फिरलं. हिरवे एक जातीचे नाहीतच. काही पाचरीसारखे, आखूड, तो खरा हिरवा तुडतुडा. पण बरेचसे सडपातळ, डोकं काळं, मिशा लांबलचक. एकोणीस वर्षं मी दोघांना एकाच रकान्यात मोजलं. थाळ्यावर किडे उड्या मारत असतात, हात चालवावा लागतो, हिरवं ते हिरवं.

सुनेला बोलावलं. तिने बांधावरून एक चूड उपटून आणली. त्यावर एक काळ्या डोक्याचा फिरत होता. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आई, हा काहीतरी शोधत चाललाय बघा. तुडतुडा असा जागा चाचपत चालत नाही." मग तो थांबला आणि देठात सोंड खुपसली. "याचं नाव काळटोप्या ठेवू," ती म्हणाली. नाव ठेवण्यात आमची सून पुढे.

६ ऑगस्ट, मंगळवार

देठात सोंड खुपसतो तेव्हा रस पितो की आणखी काही, एवढंच मला बघायचं आहे. तपकिरी तुडतुड्याची मादी देठाच्या आतच अंडी घालते, हे तर पोरालाही ठाऊक आहे.

चहावाल्याकडून बिस्किटांच्या दोन काचेच्या बरण्या आणल्या. दोन्हींत चिखलासकट एकेक चूड आणि बारा बारा तपकिरी माद्या. तोंडाला जुन्या ओढणीचं कापड. परवा माद्या काढणार आणि दुसऱ्या बरणीत आठ काळटोप्ये सोडणार. लेक म्हणाला, "आईने प्राणिसंग्रहालय काढलं. तिकीट किती लावलंय?" म्हटलं, तुला फुकट, तू आतल्यांपैकीच आहेस.

त्याचं फवारणीचं काम अर्ध्यावर थांबलं आहे. हाताला पट्ट्या. खालची खाचरं झाली, अध्यक्षांची वरची सहा राहिली. अध्यक्षांचे दोन निरोप येऊन गेले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मोजणी आटोपली, लाल पाटी लावण्याइतकं काही नाही. फवारलेल्या खाचरांत थाळा कोरा. कोळीसुद्धा नाही.

दुपारी जुन्या वह्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस. दरवर्षी तेच. लाल पाटी, फवारणी, आठवडा-दोन आठवडे सगळं साफ आणि तीन-चार आठवड्यांनी तपकिरी तिप्पट. पुन्हा लाल. मी लिहिलेलं मीच कधी सलग वाचलं नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि जात्यावर बसलेली मी.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बरण्या उघडल्या. थाळ्यात झटकून मी मोजलं, मग सुनेने मोजलं, मग पुन्हा मी.

पहिली बरणी: दोनशे अकरा पिल्लं.
काळटोप्यांची बरणी: चौतीस.

काळटोप्या रस पीत नाही. अंडी पितो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोरी ओढणारी मी. मी त्याला मोजायची, बेरीज दहाच्या वर न्यायची, लाल पाटी लावायची, आणि लेक जाऊन त्यालाच मारायचा. तपकिऱ्याची अंडी मात्र देठात सुरक्षित. औषध तिथे पोचत नाही. आठवड्याने बाहेर आली की खायला कुणी नाही.

मला रडू आलं नाही. राग आला, स्वतःचा. जेवण गेलं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

कालची मोजणी: तपकिरी सहा, खरे हिरवे एक, काळटोप्ये सात. जुन्या हिशोबाने चौदा, म्हणजे लाल. माझ्या हिशोबाने सात.

हिरवी पाटी लावली आणि तिच्याशेजारीच उभी राहिले. पळून जाणाऱ्यातली मी नाही. अध्यक्ष आले, वही उघडली. "बेरीज चुकलीय."

"बेरीज बरोबर आहे. एवढी वर्षं चुकत होती."

मी बरण्यांचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बिस्किटांच्या बरणीवरून चाळीस घरांची शेती करायची?" लोक हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. पण पाटी मी काढली नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

अध्यक्ष घरी आले. खुर्ची दिली, चहा दिला.

"काकू, तुडतुड्यांनी रस शोषून शेतं जळाली तर?"

म्हटलं, "तर वही आणून तुमच्या टेबलावर ठेवीन. परत थाळ्याला हात लावणार नाही."

"वही घेऊन काय करू? शिजवून खाऊ? चाळीस घरांचं वर्षाचं खाणं उभं आहे तिथे."

ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हीच अडचण आहे. लबाड असते तर भांडणं सोपं गेलं असतं. जाताना म्हणाले, "बाकीचे पाटी मानतील तर मानू देत. माझी सहा आधीच राहिलीत. मी बाहेरून माणसं बोलावतो, ती मोठा पंप आणतात, दोन तासांत होऊन जाईल." पाटीविरुद्ध फवारायचं नाही असा काही लेखी नियम नाही. पण आजवर कुणी फवारलं नव्हतं.

लेक दारात उभा राहून ऐकत होता. एक शब्द बोलला नाही. आईच्या बाजूने एक शब्द बोलायला हाताची कातडी लागत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी उठून बघते तर चिरंजीव पंप खांद्यावर चढवतायत. हाताच्या पट्ट्या अजून निघालेल्या नाहीत.

"कुठे?"

"अध्यक्षांकडे. मीच सांगितलं, बाहेरची माणसं नकोत, मी येतो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, "माझ्या पाटीविरुद्ध? माझ्या घरातून?"

"आई, तू मोज. माझं काम मला करू दे."

"पैसे किती देतायत?"

"ते पीक आल्यावर बघू म्हटलंय."

म्हणजे वर लाळघोटेपणा. फुकट. मी म्हटलं, आजपासून माझ्याशी बोलू नकोस. तो पंप घेऊन निघून गेला. सून म्हणाली, "आई, त्यांना विचारून तरी बघा." काय विचारायचं? तिने मान हलवली. "काही नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून." आता माझ्या पोटाचा इथे काय संबंध? आमच्या घरात कुणाला सरळ बोलता येत नाही, माझ्याशिवाय.

२४ ऑगस्ट, शनिवार

हिरवी पाटी. तपकिरी आठ.

काल अध्यक्षांच्या वरच्या खाचरात मोजायला गेले तेव्हा थाळा कोरा असणार असंच धरून चालले होते. परवाच फवारलंय. पण चुडीमागे तीन कोळी, पाच काळटोप्ये, सगळे धडधाकट, एक तर माझ्या अंगठ्यावर चढला. जागा बदलून तीनदा मोजलं. तेच. आहे तसं लिहिलं आणि शेजारी टीप टाकली: औषध बोगस दिसते.

चिरंजीवांचा शर्ट धुवायला घेतला, तर त्याला नेहमीचा तो डोकं उठवणारा वास नाही. सुनेला म्हटलं, हल्ली बिनवासाची औषधं निघाली वाटतं. ती म्हणाली, "निघतात तशी," आणि बादली उचलून चालती झाली. पंपही तो हल्ली घरी भरत नाही, कालव्यावर भरतो. बरंच आहे, ओटी स्वच्छ राहते.

३१ ऑगस्ट, शनिवार

तपकिरी बारा. माझ्या हिशोबानेही लाल.

हिरवी लावली. खालच्या, म्हणजे ३ ऑगस्टच्या पाटीवरून फवारलेल्या खाचरांत सतरा-अठरा, वरच्या खाचरांत पाच-सहा. आज जी पिल्लावळ आहे ती त्या दिवशी मीच पोसली, हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? आता फवारलं तर पुन्हा पहिल्यापासून तेच चक्र, आणि नाही फवारलं तर कदाचित चक्र फिरायला शेतच उरणार नाही. अध्यक्षांनी काल दुसरी फवारणीही करून घेतली, आमच्याच सुपुत्राकडून.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. एका चुडीवर दहाच का, हे ज्याने ठरवलं तो माझ्याहून शिकलेला असेल. मी दोन बरण्यांच्या जोरावर नाकाने कांदे सोलत नाहीये ना?

४ सप्टेंबर, बुधवार

मास्तरांच्या खाचरात जळालं. चटईएवढा गोल, मधोमध, वाळून पेंढा झालेला. बातमी माझ्या आधी सोसायटीत पोचली.

मी त्यांच्या घरी गेले. पहिल्या दिवशी माझ्या हिरव्या पाटीला मान देणारे तेच होते. दारातच सांगितलं, "मास्तर, तुमचं जळालं ते माझ्यामुळे. पण नीट सांगते कशामुळे. चार ऑगस्टला तुमच्याकडे फवारलं, माझ्या लाल पाटीवरून. तुमचे राखणदार तेव्हाच मेले."

ते विचार करत म्हणाले, "म्हणजे चूक हिरव्या पाटीची नाही, लाल पाटीची."

"दोन्ही पाट्या माझ्याच."

"खोडरबर वापरू नका, चुकीवर रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा, असं मी पोरांना जन्मभर सांगितलं. एकानेही ऐकलं नाही. तुम्ही पहिल्या." मग विचारलं, "आता काय करू?"

खाचरातलं पाणी तोडून चार-पाच दिवस कोरडं ठेवा म्हटलं. तपकिऱ्यांना बुडाशी ओल लागते. ते तिथूनच फावडं घेऊन निघाले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

७ सप्टेंबर, शनिवार

तपकिरी पंधरा. लाल पाटी काढून हातात घेतली होती, हे लिहून ठेवते. दारात पंचवीस माणसं उभी.

तेवढ्यात सून धापा टाकत आली. माझी वही घरी राहिली होती. कालच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही मोठे आणि पिल्लं वेगळी लिहिलीत. पंधरातली पिल्लं किती?"

दोन. तेरा मोठे, पिल्लं दोन. गेल्या आठवड्यात पिल्लं सात होती. कोळी चुडीमागे चार, काळटोप्ये सहा, खालच्या खाचरांतही. म्हणजे म्हातारे उरलेत, मागची फळी येत नाहीये. हे मीच मोजलं होतं, आणि बेरजेच्या भीतीने मलाच दिसलं नव्हतं.

लाल पाटी खाली ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "काकू, हा हट्ट आहे." म्हटलं, "हो. मोजून केलेला." शुक्रवारी २० तारखेला सर्वसाधारण सभा बोलवलीय. मला काढायचा विषय आहे, हे सांगायला कुणी लागत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

तपकिरी सात. पिल्लं जवळजवळ नाहीत. मास्तरांचा गोल वाढला नाही. खालच्या अंगाला आणखी एक जळका ठिपका सापडला, सुपाएवढा, तोही लिहिला. लोंब्या बाहेर पडू लागल्यात. मी बांधावर बसून घेतलं, पाय ओले ठेवून, बराच वेळ. सांगावंसं वाटलं कुणाला तरी. चिरंजीव पलीकडच्या बांधावरून जात होते. हाताच्या पट्ट्या निघालेल्या, कातडी नवी गुलाबी आली आहे. मी हाक मारली नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सभा झाली. आठवेल तसं सगळं लिहिते.

अध्यक्ष उभे राहिले. "दोन खाचरांत जळालं, दोन्ही खाचरं काकूंच्या हिरव्या पाटीवर विसंबलेली. माझ्या सहा खाचरांत मी दोनदा फवारून घेतलं, तिथे एक पान पिवळं नाही. सगळ्यांनी बघितलंय. मोजणीला दुसरं माणूस नेमावं आणि जुना नियम परत आणावा, असं मी मांडतो." बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांचं शेत खरंच सगळ्यात चांगलं आहे.

मी उठले. म्हटलं, मला काढायचं तर काढा, पण कारण बरोबर लिहा. हिरवी पाटी लावली म्हणून नव्हे. एकोणीस वर्षं राखणदाराला चोरात मोजलं आणि निम्म्याहून जास्त वेळा लाल पाटी उगाच लावली, म्हणून काढा. वह्या इथे आहेत, कुणीही वाचा.

वाटलं होतं, खरं सांगितल्यावर लोक ऐकतील. लोक भडकले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही फुकट फवारलं का, पोरासाठीच लाल लावत होती की काय, असं चारी बाजूंनी सुरू झालं. मी खाली बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

तेव्हा मागून आवाज आला. "अध्यक्ष, तुमच्या खाचरांत मी पाणी मारलं."

लेक भिंतीला टेकून उभा होता. सगळे वळले.

"पाणी म्हणजे?"

"कालव्याचं. औषध घातलं नाही. दोन्ही वेळा. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही बाहेरची माणसं आणली असती. म्हणून पैसेही घेतले नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला माझे हात गेले, तेव्हाही तुमचीच राहिली होती. या हंगामात तुमच्या शेतात औषधाचा एक थेंब पडलेला नाही. जळालं ते मी फवारलेल्यांचं."

अध्यक्ष खुर्चीत बसले. रागावले असावेत, कुणीही रागावेल. त्यांनी विचारलं, "मग माझं वाचलं कशाने?"

"आईला विचारा. तिने मोजलंय."

मास्तर उठून वही घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि पान काढून दिलं. तीन कोळी, पाच काळटोप्ये. शेजारी माझी टीप: औषध बोगस दिसते. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली. कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू पसरलं, आणि शेवटी अध्यक्षही तोंडावर रुमाल धरून बसले. मला मात्र हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर होतं, अंगठ्यावर चढलं होतं, तरी मी थाळ्यावर विश्वास ठेवला नाही. लेकाविषयी जे ठरवून बसले होते त्यावर ठेवला.

ठराव असा झाला: मोजणी माझ्याकडेच, काळटोप्ये आणि कोळी यांना वेगळा रकाना, आणि ते बेरजेत न धरता वजाबाकीत धरायचे. लेकाबद्दलही झाला. सभासदाला फसवलं म्हणून सोसायटीच्या कुठल्याही खाचरात त्याने यापुढे पंप न्यायचा नाही. अध्यक्षांनी विचारलं, "मान्य आहे?" तो म्हणाला, "आजच देतो आणून. ठेवा तुमच्याकडे." पंप सोडून त्याला दुसरं काही येत नाही. हंगाम कसा जाणार, मला माहीत नाही.

मी सगळ्यांच्या आधी घरी आले. तो आला तेव्हा त्याचं ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेले.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी त्याला चहा देताना म्हटलं, "चुकले."

त्याने कप घेतला. "किती?"

"एकोणतीस दिवस."

"तीस. भांडलो तो दिवसही धर."

मी बोटांवर पुन्हा मोजलं. तीसच होतात.